सेराफिनच्या डावीकडची जागा

कासियान प्लाट्नरचं मंत्रिपद मार्चमध्ये गेलं. जूनमध्ये पवित्र भाकरीचा सण होता, आणि त्या वर्षी ओबरलानमध्ये सगळ्यांना एकच उत्सुकता होती. मिरवणुकीत कासियान चालणार कुठे?

आमच्या गावात मिरवणुकीतली जागा नावाइतकीच माणसाची स्वतःची असते. पुढे पांढऱ्या झग्यातल्या मुली, मग बँड, मग जुन्या बंदुका खांद्यावर घेतलेले नेमबाज, मग चार दांड्यांचा चांदवा आणि त्याखाली सोन्याच्या प्रभावळीत पवित्र भाकर धरून चालणारे फादर. चांदव्यामागे सरपंच, मंत्री, अशी मानाची मंडळी. त्यांच्यामागे गावातले पुरुष, दोन-दोनच्या जोडीने. शेवटी जपमाळ म्हणणाऱ्या बायका. पुरुषांच्या जोड्या लहानपणी, पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या दिवशी शाळेतल्या मास्तरांनी उंची बघून लावलेल्या असतात आणि त्या मरेपर्यंत तशाच राहतात. जोडीदार वारला तर उरलेला दुसऱ्या एखाद्या उरलेल्याबरोबर चालतो. पण जोडीदार जिवंत असेल, नुसता दूर असेल, तर त्याची जागा भरायची नाही. शेजारी माणूसभर रिकामा रस्ता घेऊन चालायचं. महायुद्धानंतर रशियातून न परतलेल्यांच्या जागा कितीतरी वर्षं अशा रिकाम्या चालल्या, कारण त्यांच्या आया ‘मेला’ हा शब्द ऐकून घ्यायला तयार नव्हत्या.

कासियानचा जोडीदार म्हणजे सेराफिन कून. ओढ्याकाठच्या लाकूडकटाईच्या गिरणीचा मालक. कासियान राजधानीत, इन्सब्रुकला जाऊन मंत्री झाला, चांदव्यामागे चालू लागला, तेव्हापासून सेराफिन डावीकडची जागा मोकळी ठेवून चालत आला होता. दोघांमधलं बोलणं बंद झालं तरी त्याने ती जागा भरू दिली नव्हती.

कासियान शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. शेत थोरल्याचं, म्हणून धाकट्याला फादर होण्यासाठी शिकायला धाडलं होतं. मग एका हिवाळ्यात थोरला भाऊ लाकडं उतरवताना बर्फाच्या लोटाखाली सापडला आणि कासियान अर्ध्या शिक्षणावरून गाईंकडे परत आला. काळा झगा अंगावर चढलाच नाही, पण तो त्याच्या मनातून उतरलाही नाही. दूधसंघाचा अध्यक्ष, सरपंच, मग आमदार, मग टिरोल राज्याचा शाळा आणि बालवाड्यांचा मंत्री, असा तो चढत गेला, आणि प्रत्येक पायरीवर लोकांना त्याच्यात थोडा फादर दिसत राहिला. तो कधी कुणावर ओरडला नाही. मत मागायला गेला तर आधी घरातल्या आजाऱ्याजवळ बसायचा.

त्याची कामं आमच्या खोऱ्यात अजून उभी आहेत. दहा-बारा मुलांसाठी डोंगरावर शाळा कशाला, असं राजधानीत सगळे म्हणत असताना त्याने त्या शाळा टिकवल्या. मुलांनी दिवस उजाडण्याआधी बर्फातून खाली उतरू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. वर्गातल्या भिंतीवरचा क्रूस काढायची मागणी आली तेव्हा तो सभागृहात उभा राहिला आणि म्हणाला, “ज्याला बघायचा नसेल त्याने खिडकीबाहेर बघावं. बाहेर डोंगरावरही क्रूसच आहे.” लोक हसले. रविवारी दुकानं उघडायला त्याचा विरोध, पोहण्याच्या तलावाच्या उद्घाटनाला गैरहजेरी, कारण ते उद्घाटन गुड फ्रायडेच्या आठवड्यात ठेवलं होतं. पक्षातली तरुण पोरं मागे म्हणायची, “प्लाट्नरसाहेबांकडे गेलं की काम होतं, पण आधी कन्फेशन द्यावं लागतं.”

इन्सब्रुकमध्ये तो नन्सच्या मठाशेजारी भाड्याच्या एका खोलीत राहायचा. पहाटे चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना, मग कचेरी. शनिवार-रविवारी कुठे आगबंबाच्या नव्या गाडीला आशीर्वाद, कुठे बालवाडीचं उद्घाटन, कुठे कुणाचं दफन. गावी बुर्गी, त्याची बायको, सूप चुलीवर ठेवायची, बाजूला काढायची, पुन्हा ठेवायची. मूल झालं नाही. शेत चुलतभावाला कसायला दिलं होतं. शेजारणीने एकदा विचारलं, “बुर्गी, कंटाळा नाही का येत?” ती म्हणाली, “येतो की. पण त्याच्यावर रागवायचं कसं? तो काही दारू प्यायला जात नाही. लोकांच्या मुलांसाठी जातो.” ती गेली तेव्हा अंदाजपत्रकाचं अधिवेशन चालू होतं आणि घाटात बर्फ पडला होता. कासियान पोचला तेव्हा तिला निळा झगा घालून झाला होता. मेणबत्त्या शेजाऱ्यांनी लावल्या होत्या.

हे झालं त्याच्या आधीच आफ्राचं झालं होतं.

आफ्रा ही सेराफिनची मुलगी, आणि कासियान तिचा धर्मपिता. दृढीकरणाच्या, म्हणजे वयात येताना श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या दिवशी तिच्या खांद्यावर हात ठेवून तोच उभा राहिला होता, तिला मनगटी घड्याळ त्यानेच दिलं होतं. ती ओबरलानच्या बालवाडीत शिकवत होती. मुख्य बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्या जागी आफ्राच येणार, यात कुणाला शंका नव्हती. पण त्याच वर्षी ती लिंत्झच्या एका मोजणीदाराबरोबर राहू लागली. त्याचा आधीचा संसार मोडलेला. पहिली बायको हयात असताना चर्चमध्ये त्यांचं लग्न लागणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी पालिकेत जाऊन नोंदणी केली. कासियानने मुख्य बाई म्हणून दुसरीची नेमणूक केली. आफ्राला ते सरकारी टपालाने कळलं.

तिने नोकरी सोडली. सेराफिनने मित्र सोडला. शिव्या नाहीत, भांडण नाही. रस्त्यात दिसला की तो टोपीला हात लावायचा आणि चालू लागायचा. कासियानला हे शिव्यांपेक्षा जड गेलं असावं, पण तसं तो कुणाजवळ बोलला नाही. बोलणार कुणाजवळ?

पद गेलं तेही असंच बिनबोभाट. निवडणुकीनंतर पक्षाने चेहरे बदलायचे ठरवले. आभाराची भाषणं झाली, चांदीचं तबक मिळालं. कासियान ओबरलानला परत आला, घराच्या झडपा उघडल्या, आणि पहिल्या रविवारी मिस्सेनंतर लोक त्याच्याभोवती जमले. सगळे अगदी अदबीने. “मंत्रीसाहेब, आता आराम करा.” “मंत्रीसाहेब, तब्येत बरी ना?” मग सगळे खानावळीकडे वळले. तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं होतं. कासियान गेला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. उभं राहिलेल्या माणसांमध्ये बसायचं कसं? त्याने उभ्याउभ्याच बिअर संपवली.

मे महिन्यात सरपंच त्याच्या घरी आले.

“मंत्रीसाहेब, चांदव्यामागे तुमची जागा आहेच. नव्या मंत्रीणबाई येतील, त्यांच्या उजवीकडे तुम्ही.”

“मी आता मंत्री नाही.”

“असं कसं? एकदा मंत्री म्हणजे कायमचा मंत्री.”

“हेच तर मला नको आहे,” कासियान म्हणाला. “मी पुरुषांच्या रांगेत चालणार. माझी जागा आहे तिथे.”

सरपंचांनी हातातली टोपी फिरवली. “जागा आहे हो,” ते म्हणाले. “पण जागेच्या शेजारी सेराफिन आहे.”

दुसऱ्या दिवशी कासियान गिरणीवर गेला. करवत बंद होती, सेराफिन फळ्या रचत होता. कासियानला बघून तो थांबला नाही.

“या, मंत्रीसाहेब. जपून या, भुसा लागेल कपड्यांना.”

“तू तरी साहेब म्हणू नकोस, सेराफिन.”

“बरं. कासियान, बाजूला हो, फळी येतेय.”

कासियान बाजूला झाला. मग पुढची फळी त्याने दुसऱ्या टोकाला धरली. दोघांनी मिळून ती चळतीवर ठेवली. अशा बऱ्याच फळ्या झाल्या.

“मला यंदा रांगेत यायचं आहे,” कासियान म्हणाला. “तुझ्या डावीकडे.”

“ये की. जागा तुझी आहे, मी कोण नाही म्हणणारा? लोकांना वाटतं सेराफिन रस्त्याच्या कडेने वाकडा चालतो. वाकडा नाही चालत बाबा, तुझी जागा सोडून चालतो.”

“मग येतो.”

“ये. तू आलास की मी घरी थांबेन.”

ओढ्याचा आवाज मोठा होता. सेराफिनने हातमोजे काढले आणि ते एकमेकांवर झटकले.

“मी काय मागतोय तुझ्याकडे? आफ्राकडे जा, चुकलो म्हण. एवढंच. एक शब्द. भाषण नको, तुला तेवढंच येतं.”

“आणि मला तसं वाटत नसेल तर?”

“तर खोटं बोल! मंत्री होतास ना इतकी वर्षं? काय शिकलास?”

“मी कधी खोटं बोललो नाही, सेराफिन.”

“ठाऊक आहे. तेच तुझं दुखणं. एखाददुसरं खोटं बोलला असतास, तर आज दोन माणसं तुझ्यासोबत जेवायला बसली असती.”

यावर दोघेही जरासे हसले. मग सेराफिनने करवत सुरू केली, म्हणजे बोलणं संपलं.

आफ्रा आता डोंगरावरच्या वाड्यांमधून मुलं आणायची छोटी बस चालवते. कासियान गेला तेव्हा ती अंगणात बस धूत होती. गमबूट, वर बांधलेले केस, गालाला फेस.

“काका, वाट चुकलात की काय?”

“तुझ्याकडेच आलो.”

“मग हा पाइप धरा जरा. वरून मारा पाणी, चाकांवर नको.”

त्याने पाइप धरला. ती ब्रशने काचा घासत राहिली. “बघा ना, बालवाडीत बसू दिलं नाहीत, म्हणून मी बालवाडीच गाडीत घातली. आता सगळी पोरं माझ्याच ताब्यात. मुख्य बाईंना ती नऊ वाजता मिळतात, मला सातला.” मग काच घासता घासता ती म्हणाली, “बाबांनी पाठवलं?”

“पाठवलं नाही. अट घातली.”

“मलाही सांगून ठेवलंय. कासियान येईल, चुकलो म्हणेल, तू फार ताणू नकोस. तर म्हणा.”

पाइपातलं पाणी बसच्या टपावरून खाली येऊन त्याच्या बुटांवर पडत होतं. त्याच्या लक्षात आलं नाही.

“आफ्रा, तुझ्या जागी दुसरी कुणी असती तरी मी तेच केलं असतं. तू माझी धर्मकन्या, म्हणून तर मला वशिला दाखवता येत नव्हता. पण ते कारण नाही. त्या मुलांसमोर काय उभं राहावं, याबद्दल मला जे वाटत होतं ते मी केलं. मला ते बरोबर वाटलं होतं. अजून वाटतं.”

आफ्राचा ब्रश थांबला.

“पण ते मी तुझ्या तोंडावर येऊन सांगायला हवं होतं. तुझ्या घरी, तुझ्या टेबलाशी बसून. तू रडली असतीस, ओरडली असतीस, ते ऐकायला हवं होतं. मी टपालाने कळू दिलं. ते चुकलं.”

“ते चुकलं,” आफ्रा सावकाश म्हणाली. “बाबांना हे सांगू?”

“जसं आहे तसं सांग.”

“त्यांना पुरणार नाही.”

“नाही पुरणार.”

तिने हात पुसले. “काका, खरं सांगू? मला आता काही वाटत नाही. माझा माणूस चांगला आहे, काम आवडतं. माझ्यासाठी नकाच म्हणू तो शब्द. त्या म्हाताऱ्यासाठी म्हणा. तो दर वर्षी मिरवणुकीच्या आदल्या दिवशी तुमच्याबद्दल बोलतो. शिव्याच देतो, पण बोलतो.”

कासियानने पाइप दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, “खोटं बोलून त्या भाकरीच्या मागे कसा चालू?”

आफ्राने जाऊन नळ बंद केला. परत येऊन त्याच्या हातातून पाइप घेतला, त्याच्या भिजलेल्या बुटांकडे बघितलं.

“तुम्ही ना काका, फादरच व्हायला हवं होतं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “निदान तिथे एकटं राहायची सवय तरी लावतात.”

सणाच्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. घरांच्या दारांशी भूर्जाच्या कोवळ्या फांद्या बांधल्या होत्या, खिडक्यांतून लाल कापडं सोडली होती, रस्त्यावर ताजं कापलेलं गवत पसरलं होतं. चर्चच्या दाराशी रांगा लागत होत्या. कासियान लोडनचा, जाड लोकरीचा हिरवट कोट घालून आला आणि पुरुषांच्या रांगेत आपल्या जागी उभा राहिला. उजवीकडे कुणी नव्हतं.

“मंत्रीसाहेब, तुमची जागा पुढे,” पुढच्या जोडीतला एकजण वळून म्हणाला.

“इथेच आहे माझी.”

मागे कुजबुज झाली. “सेराफिन आजारी आहे का?”

“आजारी कसला? सकाळी दारासमोर गवत पसरत होता, शीळ घालत.”

“मग?”

“मग काय, तुला माहीत नाही?”

शाळेतले आताचे मास्तर परगावचे, म्हणून त्यांना जोडी नव्हती आणि ते सहसा रांगेच्या शेवटी चालायचे. ते पुढे आले. “मी येतो तुमच्या शेजारी, साहेब. असं एकटं बरं दिसत नाही.”

कासियानने मान हलवली. “आभारी आहे. पण जोडीदार आहे मला. घरी आहे.”

मास्तर परत गेले. घंटा वाजल्या, बँड सुरू झाला, रांग हलली. कासियान रस्त्याच्या डाव्या अर्ध्यातून चालला आणि उजवा अर्धा त्याच्याबरोबर रिकामा चालला. त्याला सारखं वाटत होतं, आपण नकळत मध्ये सरकतोय. मग तो पुन्हा डावीकडे व्हायचा. एवढी वर्षं मानाच्या रांगेत चालताना त्याने मागे वळून बघितलं नव्हतं. बघितलं असतं, तरी सेराफिन कसा चालतो हे त्याला तिथून दिसलं नसतं. गवतावरून चालताना बाकीच्यांच्या बुटांचा आवाज जोडीने येत होता.

मिरवणूक चार ठिकाणी थांबते, चार वेदींपाशी, आणि प्रत्येक ठिकाणी शुभवर्तमान वाचलं जातं. तिसरी वेदी ओढ्याच्या पुलाशी, गिरणीच्या घरासमोर. फादरांनी पवित्र भाकर उंच धरली आणि सगळी वाट गुडघ्यावर बसली.

सेराफिन आपल्या उंबऱ्यात होता. सणाचा कोट, सणाची टोपी हातात. रांगेत येण्यासाठी घालतात तेच कपडे. तो तिथेच, दगडी पायरीवर, गुडघे टेकून बसला होता, मान खाली.

आशीर्वाद झाला. लोक उठले. उठताना जोडीतला एक दुसऱ्याला हात देतो, म्हाताऱ्यांचं तर त्याशिवाय होतच नाही. कासियानने उजवा गुडघा उचलायचा प्रयत्न केला आणि तो उचलला गेला नाही. त्याने एक हात रस्त्यावर टेकला. पुढची जोडी चालू लागली होती. मागचे थांबले. त्यांच्यापैकी कुणी वाकावं की वाकू नये, हे त्यांना कळेना. मंत्र्याला असं धरून उठवतात का?

“डावा पाय आधी,” सेराफिन म्हणाला.

तो उंबऱ्यातच उभा होता. मधे रस्ता होता, फार नाही, पाचसहा पावलांचा. फळी उतरवणाऱ्या माणसाला सांगावं तसं त्याने सांगितलं होतं, साध्या आवाजात.

“डावा टेक. हां. आता गुडघ्यावर हात दे. दाब.”

कासियानने डावा पाय टेकला, गुडघ्यावर हात दाबला. उठला. कोटाला गवत लागलं होतं. त्याने सेराफिनकडे बघितलं. सेराफिनने नजर चुकवली नाही. एक पाऊल पुढे यायला त्याला काहीच लागलं नसतं. कासियानलाही एक शब्द म्हणायला काही लागलं नसतं. दोघेही आपापल्या जागी उभे राहिले.

“जा,” सेराफिन म्हणाला. “मागे लोक खोळंबलेत.”

त्याने टोपी घातली, आत गेला आणि दार लोटून घेतलं. बँड पुलापलीकडे पोचला होता. कासियान पुढची जोडी गाठण्यासाठी थोडा भराभर चालला, आणि चौथ्या वेदीपर्यंत, तिथून चर्चपर्यंत, त्याने उजवीकडचा रस्ता एका माणसाच्या रुंदीएवढा मोकळा ठेवला.